कड हवालदारांची इटालियन

कड हवालदार गेल्याचं मला फार उशिरा कळलं. एका लग्नात चाकणचे एक गृहस्थ भेटले. बोलता बोलता गाव निघालं आणि मी विचारून गेले, "तुमच्याकडे ज्ञानदेव कड म्हणून एक हवालदार होते ना?"

"गेनबा व्हय? त्यांला जाऊन झाली की तीन-चार वर्सं," असं म्हणून ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी हाक मारत निघून गेले.

बस, एवढंच. कशाने गेले, शेवटी काय म्हणाले, कोण जवळ होतं, काही विचारता आलं नाही. या माणसाला मी उण्यापुऱ्या दोन वर्षांतले शनिवार तेवढे ओळखत होते.

पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. माझे वडील चिंचवडला पोस्टमास्तर होते आणि मी विद्यापीठात इतिहासाचं एम.ए. करत होते. पोस्टमास्तरांची मुलगी रोज एकटी गाडीने पुण्याला जाते, ही गोष्ट तेव्हा चिंचवडात चार घरी बोलली जायची. माझा खास विषय कलेचा इतिहास. तो शिकवायला दातार सर होते. ते युरोपात शिकून आलेले होते, आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "चित्राबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं असेल, तर निदान त्याच्या भाषेत वाचा." म्हणून आम्ही प्रत्येकाने एक परदेशी भाषा घ्यावी असा त्यांचा आग्रह. सगळे जर्मन आणि फ्रेंचकडे धावले. मी नाव द्यायला एक दिवस उशिरा पोचले, तर दोन्ही वर्ग भरलेले. इटालियनच्या वर्गात मात्र पाचच जण होते, त्यामुळे मी सहावी. सातवे कड हवालदार.

पण मी त्यांना प्रथम पाहिलं ते इटालियनच्या वर्गात नाही, दातार सरांच्या. शनिवारी दुपारी तीनला सर काचेच्या पट्ट्यांवरची चित्रं भिंतीवर पाडून दाखवत. खिडक्यांना काळं कापड लावलेलं असे. मी दाराशी पोचले तर चाळिशीकडे झुकलेला एक उंच, सडपातळ माणूस वाकून वहाणा काढत होता. खाकी सदरा, धोतर, डोक्याला पांढरा पटका. वहाणा त्याने भिंतीशी टाचेला टाच जुळवून ठेवल्या.

आमच्यातला एकजण म्हणाला, "अहो, हे विद्यापीठ आहे. देऊळ नाही."

"आत देवादिकांच्या तसबिरी दावत्यात न्हवं?"

"दाखवतात, पण भिंतीवर."

"देवळात तरी कुठं असत्यात?" ते म्हणाले आणि अनवाणी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

मुलं हसली. दातार सर बूट घालूनच आत आले. त्यांनी त्या वहाणांकडे पाहिलं. मला मात्र पुढचे कित्येक शनिवार चपला घालून त्या खोलीत शिरताना चुकल्यासारखं वाटे.

हवालदार देहूरोडच्या लष्करी डेपोत भांडारावर होते. त्याआधी पलटणीत. लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले. आठवडाभर ते डेपोजवळच्या खोलीत राहत आणि शनिवारी अर्धा दिवस सुटी झाली की विद्यापीठात येत. रविवारी सकाळी सायकल मारत चाकणला घरी. मॅट्रिक नव्हते, सातवी शिकलेले. त्यामुळे विद्यापीठाला त्यांना विद्यार्थी म्हणता येईना. दातार सरांनी कचेरीत दोन-तीन खेटे घातले, तेव्हा कुठे हजेरीपटाच्या तळाशी त्यांचं नाव लागलं आणि त्यापुढे लिहिलं गेलं, 'श्रोता'. हवालदारांना तो शब्द आवडला. "आमच्यात कीर्तनाला बसणाऱ्याला म्हणत्यात," ते म्हणाले.

चित्र बघायची त्यांची एक तऱ्हा होती. भिंतीवर चित्र आलं की ते एक डोळा मिटत, हात सरळ पुढे धरत आणि बोटं उभी करून मोजत. डावीकडून चार बोटं, वरून दोन. पलटणीत त्यांचं काम टेहळणीचं होतं. समोरचा डोंगर, झाड, घर, सगळं असं बोटांनी मोजून कागदावर उतरवायचं. तशाच वहीत ते चित्रं उतरवत. सर एखाद्या संताच्या चेहऱ्यावरच्या करुणेबद्दल बोलत असायचे आणि हवालदारांच्या वहीत त्या संताच्या जागी एक रेघ, शेजारी आकडे. मी एकदा वही पाहून म्हटलं, "अहो, यात चेहरा कुठंय?"

"चेहरा ध्यानात ऱ्हातो, ताई. जागा ऱ्हात न्हाई. म्हणून जागा लिवायची."

इटालियन शिकवायला एक म्हातारे पाद्री यायचे. आम्ही सगळे त्यांना पाद्रेच म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, ही भाषा कशासाठी? आम्ही इंग्रजीत काहीबाही सांगितलं. हवालदार उठले आणि सरळ इटालियनमध्येच बोलू लागले. भराभरा, हातवारे करत, मिनिटभर तरी. आम्ही थक्क. पाद्रे इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"माफ करा," ते त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "पण आपण जी भाषा बोलता ती फक्त डोंगरातले शेळ्या राखणारे लोक बोलतात. माझी आजी अशी बोलत असे. मी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती."

परतीच्या गाडीत हवालदार खिडकीशी बसले. मग म्हणाले, "पुण्यात माजी मराठी गावंढळ. आता इटालियन बी गावंढळच निघाली बगा."

मला हसावं की नाही कळेना. तेच हसले, तेव्हा मी हसले.

त्या गाडीत आमचं बोलणं व्हायचं. मी चिंचवडला उतरायची, ते पुढे देहूरोडला जायचे. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाची ओळख, पण दर आठवड्याला. पिंपरीला गाडी थांबली की निर्वासितांची वसाहत दिसायची. लष्कराच्या जुन्या बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि त्यापलीकडे नव्या औषधाच्या कारखान्याच्या पांढऱ्या इमारती. एकदा ते तिकडे बघून म्हणाले, "ह्यांची देवळं मागंच ऱ्हायली आसतील. ती कुणी मोजून ठेवली आसतील का?" मला वाटलं ते असंच काहीतरी बोलताहेत.

दुसऱ्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, तो शनिवार आला. सरांनी येशूच्या आईच्या, मेरीच्या जन्माचं एक भित्तिचित्र लावलं. बिछान्यावर बाळंतीण. खाली दोन बायका, एकीच्या मांडीवर उघडं बाळ. दुसरी भांड्यात पाणी ओतते आहे आणि पहिलीने बाळाला सावरत आपला हात त्या पाण्यात घातला आहे. सर सांगत होते की हा विषय त्या मुलखात फार आवडता, खेड्यापाड्यांतल्या लहान चर्चच्या भिंतींवरही तो दिसे, आणि त्यातली बरीच चित्रं लढाईत नष्ट झाली.

अंधारात मागे बाक सरकल्याचा आवाज झाला.

"सर," हवालदारांचा आवाज आला, "त्यातलं एक म्या पाडलंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी खिडकीचं कापड बाजूला केलं. उजेडात हवालदार उभे होते, अगदी ताठ, हात मांड्यांना चिकटवलेले, जसे साहेबापुढे उभे राहिले असतील तसे.

"बसा हवालदार," सर हळू म्हणाले. "तास संपल्यावर बोलू."

तास संपल्यावर त्यांनी सरांना सांगितलं. मी जवळच होते, सरांनी मला जा म्हटलं नाही.

डोंगरातलं एक गाव. पावसामुळे त्यांची तुकडी तिथे आठ दिवस अडकली होती आणि चर्चमध्ये उतरली होती. चर्चच्या किल्ल्या एका म्हाताऱ्या बाईकडे असत, फिलोमेना नाव. ती यांना रोज तिकडची फळं भाजून आणून द्यायची, फणसाच्या आठळ्यांसारखी लागणारी. खायला देताना एकेक शब्द शिकवायची आणि नीट म्हटला तरच हातावर ठेवायची. वेदीच्या उजव्या भिंतीवर ते चित्र होतं. तिने ते यांना बोट लावून दाखवलं होतं: ही आई, ही सुईण, हे पाणी. नवव्या दिवशी तुकडीला मागे हटावं लागलं. गाव शत्रूच्या हातात गेलं. दोन दिवसांनी समोरच्या डोंगरावरून हवालदारांना दुर्बिणीत दिसलं की चर्चच्या मनोऱ्यात कुणीतरी आहे. शत्रूचा टेहळ्याच असणार. त्यांनी बोटांनी मोजलं, आकडे काढले आणि वायरलेसवरून तोफखान्याला कळवले.

"आकडे बराबर हुते," ते म्हणाले. "तिसऱ्या गोळ्याला मनोरा उजव्या अंगाला कलला, त्या चित्राच्या भिंतीवरच. शाबासकी मिळाली. त्येच्यावरच हवालदार झालो."

दातार सर चष्म्याची काडी चावत राहिले. मग म्हणाले, "तुमचं कर्तव्य होतं ते."

"व्हय. पर काय पाडलं त्येचं मोल तवा ठावं नव्हतं. मोडल्याली चीज काय हुती, येवढं तरी मानसाला ठावं पायजे. म्हणून हितं येतो."

मी दीड वर्ष त्यांच्याबरोबर प्रवास करत होते आणि हे त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

सरांनी त्यांना एक काम दिलं. ते चित्र कुणी कधी टिपलेलं नव्हतं, त्याचा फोटो कुठल्याही पुस्तकात नव्हता. तेव्हा जेवढं आठवतं तेवढं काढा, म्हणाले. हवालदारांनी महिनाभर खपून दोन प्रती काढल्या. या वेळी त्यात चेहरेही होते, ओबडधोबड, पण होते. कडेला बारीक अक्षरात मापं, रंगांची नावं, कुठे ओल येऊन पोपडा गेला होता ते. एका बाईच्या पायाशी मांजर. "मांजराचा एक कान गेल्याला," त्यांनी लिहिलं होतं, "रंग निघून, का रंगाऱ्यानंच तसं काढलं, सांगता येत नाही."

त्यातली एक प्रत त्यांना त्या गावच्या पाद्र्याला पाठवायची होती, पत्रासकट. पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. आमच्या पाद्रेंनी वाचून लेखणी उघडली, तर यांनी कागद मागे घेतला. "चुका ऱ्हाऊ द्या, फादर. ज्यांच्याकडनं शिकलो त्यांनाच जातंय."

मला त्यांनी ते गाडीत वाचायला दिलं. आम्ही कोण, कधी राहिलो, चित्र असं असं होतं. फिलोमेनाबाई कशी आहे? आणि शेवटी: मनोऱ्याचे आकडे मी दिले.

"हे शेवटचं कशाला?" मी म्हटलं. "त्यांना कळायची काही गरज आहे का? चित्र पाठवा, बाईंची चौकशी करा. पुरे की."

"म्हंजे शाबासकी घ्यायची पुन्हा?"

मी पत्राची घडी घालून त्यांना परत दिलं.

डेपोच्या पत्त्यावर परदेशी पत्र आलं तर चौकशा होतील, म्हणून उत्तरासाठी त्यांनी आमच्या पोस्टाचा पत्ता घातला. मग वाट बघणं सुरू झालं. दर शनिवारी गाडीत मला बघून ते भुवया किंचित उंचावत आणि मी नकाराची मान हलवे. दरम्यान आमची इटालियनची परीक्षा झाली. या परीक्षेला मॅट्रिकची अट नव्हती. फलकावर निकाल लागला तेव्हा सात जणांत मी पहिली होते आणि हवालदार तेवढे नापास. तोंडी परीक्षेत त्यांना सर्वांत जास्त गुण होते, पण लेखी पेपरात त्यांनी सगळं फिलोमेनाच्या भाषेत लिहिलं होतं. पाद्रे त्यांच्यापुढे उभे राहून हात चोळत म्हणाले, "मी काय करू? व्याकरण हे व्याकरण आहे."

"तुमी बराबर केलं, फादर," हवालदार म्हणाले. त्यांनी मला पेढे घेऊन दिले आणि स्वतः एक खाल्ला.

उत्तर उन्हाळ्यात आलं. वडिलांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. मी ते शनिवारपर्यंत उशाखाली ठेवलं, उघडलं नाही. त्या दिवशी हवालदार माझ्याबरोबर चिंचवडलाच उतरले. फलाटाच्या टोकाला, बाभळीखाली बाक होता. तिथे बसून त्यांनी पाकीट फाडलं आणि मला मराठीत सांगत वाचू लागले. मलाही वाचता येत होतं, पण मी कागदाकडे पाहिलं नाही.

पत्र नव्या, तरुण पाद्र्याचं होतं. "म्हणतोय, तुमचं पत्र पोचलं. चित्र पोचलं. म्हातारी मानसं चित्र बगून रडली. भित्त आता नवी हाय, चुन्याची." त्यांनी कागद उलटला. "फिलोमेना त्या दिशी चर्चमदी हुती. मनोऱ्यात शत्रूचा मानूस हुता का न्हाई, ते कुणालाच ठावं न्हाई. ती मातुर हुती. दिव्यात तेल घालाया गेल्ती."

स्टेशनावर हमाल ओरडत होता, कुठलीतरी मालगाडी येत होती. ती पूर्ण जाईपर्यंत ते थांबले.

"गोळे कुणाचे हुते ते आमाला आजवर ठावं नव्हतं, म्हणतोय. आता कळलं." पुढची ओळ ते मनात वाचत राहिले. ओठ हलत होते. मला वाटलं शब्द अडला असेल, मी मदतीला वाकले आणि वाचलं. शब्द सगळे सोपे होते, पहिल्या महिन्यात शिकवलेले. फिलोमेनाची मुलगी म्हणते, चित्र आम्ही ठेवून घेतो, पण या गृहस्थांनी पुन्हा पत्र लिहू नये.

मी सरळ बसले. त्यांनी ती ओळ मराठीत सांगितली नाही. मीही वाचल्याचं दाखवलं नाही.

पत्राची घडी घालून त्यांनी खिशात ठेवलं आणि म्हणाले, "अक्षर लई छान हाय पाद्र्याचं." देहूरोडची पुढची गाडी आली तेव्हा त्यात चढले. त्यानंतर ते विद्यापीठात आले नाहीत. हजेरीपटात त्यांच्या नावापुढे दातार सर महिनाभर रिकामी जागा ठेवत होते.

सरांना त्या चित्राची दुसरी प्रत हवी होती. एका परदेशी नियतकालिकाला त्यांनी त्याबद्दल लिहिलं होतं आणि तिथून होकार आला होता. चित्र हवालदारांच्या नावानिशी छापणार होते. ज्याच्या नावापुढे विद्यापीठ 'श्रोता' याहून काही लिहू शकलं नाही, त्याचं नाव तिथे येणार होतं. सरांनी मला चाकणला पाठवलं.

रविवार होता. गावात कांद्याच्या गोण्यांनी रस्ता भरला होता. हवालदारांचं घर किल्ल्याच्या पडक्या तटाजवळ. ते शेतावर गेले होते. त्यांच्या पत्नीने, सरूबाईंनी, मला ओसरीवर बसवून गुळाचा चहा दिला. मी कोण हे त्यांना ठाऊक होतं. "पोस्टमास्तरांच्या ताई," त्या म्हणाल्या. चित्राची प्रत आतल्या भिंतीवर खिळ्याला लावलेली दारातून दिसत होती.

"तुमाला सांगितलं का त्यांनी?" त्या चित्राकडे बघत म्हणाल्या. "आमाला एक पोरगी झाल्ती. हे तिकडं लढाईवर आसताना. आठ म्हयन्यांची हून गेली. ह्यांनी बगितलीच न्हाई. ती गेल्याचं पत्र त्यांला ह्या चित्राच्या देवळात गावलं म्हणं." मग उठत म्हणाल्या, "त्या बाळाचं नाक मला दाखवून इचारलं हुतं, आसंच हुतं का म्हणून. म्या म्हणलं, व्हय, आसंच हुतं. काय सांगायचं दुसरं?"

हवालदार आले. पायांना माती, पटका खांद्यावर. मी सरांचं पत्र दिलं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सरांना माझा नमस्कार सांगा. पर न्हाई."

"अहो, पण का? तुमचं नाव येईल. ते चित्र जगाला कळेल. नाहीतर ते गेलंच ना कायमचं!"

"ताई, त्या फिलोमेनाच्या पोरीनं सांगितलंय, पत्र नगं." पहिल्यांदाच त्यांनी ती ओळ उच्चारली. "छापलं म्हंजे ते पत्रच झालं की. तिच्या गावात जाणार. माझं नाव वाचणार ती. म्या कुठल्या तोंडानं पाठवू?"

मी सरांचं पत्र परत घेतलं आणि पिशवीत ठेवलं.

ते मला एस.टी.पर्यंत सोडायला आले. गाडी उशिरा होती. रस्त्याच्या कडेला दोन तरणे गडी ट्रंका घेऊन उभे होते, कोऱ्या सदऱ्यांतले, बरोबर आया-बहिणी. पलटणीत भरती झाले होते. हवालदारांना बघताच दोघे धावत आले आणि पाया पडले.

"हवालदार, काय तरी सांगा की. तुमी इलायत बगितल्याली."

हवालदारांनी दोघांच्या खांद्यावर हात ठेवले. मग म्हणाले, "जितं जाल तितली भाषा शिका."

"शिकू की!"

"आधी शिका, बाबांनू. मागनं नगं."

पोरांना वाटलं हवालदार थट्टा करताहेत. ती हसली, त्यांच्या आयाही हसल्या. तेवढ्यात माझी गाडी आली. मी मागच्या बाकावर बसले. गाडी सुटली तेव्हा मागच्या काचेतून बघितलं, तर पोरं ट्रंका उचलून कुणाच्या तरी हाकेला ओ देत पलीकडे पळाली होती आणि कड हवालदार एकटेच रस्त्यात उभे होते. हात अजून तसेच थोडे पुढे होते, कुणाच्या तरी खांद्यांवर असल्यासारखे.